दिवाणी केसला मोफत वकील: कायद्यात आहे, तालुक्यात का सापडत नाही?

ओढ्याकाठी

"खून केला तर सरकार वकील देतं, जमीन गेली तर देत नाही." आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी म्हटलं धागाच काढू. वाक्य टाळ्या घेतं पण चूक आहे, आणि ते चूक आहे हे टपरीवर कुणालाच माहीत नसतं, काळा कोट घालून चहा पिणाऱ्यांनाही नसतं (किंवा असून ते बोलत नाहीत).

मोफत वकिलाचा कायदा म्हणजे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्यात कुठेही फक्त फौजदारी असं लिहिलेलं नाही. 'कोर्ट' या शब्दात दिवाणी, फौजदारी, महसूल तिन्ही आले, शिवाय ट्रिब्युनल पण. म्हणजे वाटपाचा दावा, पोटगी, घटस्फोट, भाडेकरूचं भांडण, एवढंच काय प्रांताकडचं फेरफाराचं अपील, सगळ्याला वकील मागता येतो. आणि कलम १२ बघा कुणाकुणाला: बाई असेल तर उत्पन्न कितीही असो. लहान मूल असेल तरी. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. पूर, दुष्काळ, भूकंप यात सापडलेल्यांनाही नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न पाहिजे. आता आमच्यासारख्या दुष्काळी पट्ट्यात यातून बाहेर राहतं कोण ते सांगा, तालुक्यातली निम्मी माणसं तर बाई या एका शब्दातच बसली.

तरी मग लोक सावकाराकडनं पैसे काढून वकील का लावतात?

माझ्या चुलतबहिणीचं सांगतो. नवरा वारला, सासरची सामाईक जमीन, दिरांनी सातबाऱ्यावर वारस म्हणून स्वतःचीच नावं पुढं केली आणि हिला म्हणाले तू इथं राहतीस तोवर खायला मिळेल की, नाव कशाला पाहिजे. ही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. खाजगी वकिलानी जी फी सांगितली ती ऐकून ती गप्प घरी आली आणि वर्षभर काही बोललीच नाही. पुढं मोफत वकिलाचा अर्ज करायचं ठरलं तर खिडकीवर सांगितलं उत्पन्नाचा दाखला आणा. दाखल्यासाठी सेतू, सेतूला तलाठ्याचा अहवाल, आणि तलाठी त्या दिवशी दुसऱ्या सजाला. बाईला उत्पन्नाचा दाखला लागतच नाही हो! आणि ज्यांना उत्पन्नाची अट आहे त्यांच्याबाबतही कलम १३ सांगतं की उत्पन्नाबद्दल अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरायचं, अविश्वास ठेवायला काही कारण असेल तरच पुढचं विचारायचं.

वकील मिळाले शेवटी, माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडे स्वतःच्या केसेस आहेत, फोन उचलत नाहीत, ही एसटीनं येते, कोर्टात बसते, पुढची तारीख घेते आणि जाते, केस कुठल्या टप्प्यावर आहे ते तिला कुणी सांगतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. फौजदारीत २०२२ पासून लीगल एड डिफेन्स कौन्सिल म्हणून पूर्णवेळ वकिलांचं ऑफिस आलं, जिल्ह्याला मुख्य, उप, सहायक अशी पदं, त्यांना खाजगी प्रॅक्टिस करायची नाही, काम एकच, ज्याला वकील परवडत नाही त्याचा बचाव. दिवाणीला मात्र अजून जुनी पॅनेलचीच पद्धत, एकेक केस एकेकाला वाटून द्यायची. पूर्णवेळ दिवाणी वकिलाचं ऑफिस तालुक्याला का नको? बाकी पोस्टर, शिबिरं, रॅली सगळं नंतर. तुमचे अनुभव लिहा.

झेरॉक्सवाला

कोर्टासमोर दुकान आहे माझं, बरीच वर्षं. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर आहे हे मला मागच्या वर्षी कळलं, ते पण एकीनं त्याची झेरॉक्स काढायला आणली म्हणून. बोर्ड कोर्टाच्या आत आहे. पण आत जायच्या आधीच माणसाला बाहेर तिघं जण विचारतात काय काम आहे ताई.

ॲड_बिनकोटाचा

मी पॅनेलवर आहे, त्यामुळे बाजू मांडतो, शिव्या द्यायच्या तर द्या.

वर लिहिलंय ते बरंचसं खरं आहे. फोन उचलत नाहीत हेही. पण दिवाणी केस म्हणजे काय ते बघा. दावा लिहायचा, त्याला सातबारा, आठ अ, जुने फेरफार, वंशावळ. हे सगळं पक्षकाराने आणायचं आणि तिला त्यातलं काय कुठे मिळतं ते माहीत नाही, म्हणजे मीच तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये उभा. मग समन्स बजावणी. सात भाऊबंद असतील तर एक पुण्यात, एक सुरतेला, एक वारला मग त्याचे वारस रेकॉर्डवर घ्या. मग तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, त्यावर म्हणणं, त्याचं अपील. मग मुद्दे, साक्ष, उलटतपास, युक्तिवाद. फौजदारी जामिनासारखं एका दुपारी संपत नाही ते. आणि फी ठरावीक, टप्प्याने, बिल मंजूर होऊन हातात पडेस्तोवर पुढचा टप्पा आलेला असतो. टायपिंग, झेरॉक्स, पेट्रोल आधी माझ्या खिशातून. ज्युनिअर मुलं पॅनेलवर शिकायला येतात आणि शिकली की सोडतात, गरीब पक्षकाराच्या वाट्याला कायम नवशिका. हे मला आवडत नाही पण आहे हे असं आहे.

म्हणून ओढ्याकाठींच्या पूर्णवेळ ऑफिसच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. फक्त एक भर घालतो. नुसते वकील नेमून होणार नाही, त्यांच्याबरोबर एक कागद गोळा करणारा माणूस द्या. दिवाणी केस कागदावर जिंकतात.

शंकेखोर_नाना

सगळं मोफत केलं की काय होतं ते आम्ही बघितलंय. आमच्या भावकीत एकानं मोफत वकील घेऊन तीन दावे टाकले, हरला, परत टाकला. त्याचा खर्च शून्य, आमचा मात्र दर तारखेला गाडीभाडं आणि वकील. गरीब म्हणजे खरा असं काही नसतं. ज्याची जमीन दोन एकर आहे त्यानं स्वतःच्या खिशातून लढायचं आणि समोरच्याला सरकार पोसणार, हा कुठला न्याय?

ओढ्याकाठी

नाना, तुमचा त्रास खोटा म्हणत नाही. पण कायद्यातच चाळणी आहे, कलम १३ म्हणतं प्राधिकरणाची खात्री पटली पाहिजे की प्रथमदर्शनी केसमध्ये दम आहे. ती चाळणी कुणी नीट लावत नसेल तर ते पूर्णवेळ ऑफिस नसल्यामुळेच ना. पॅनेलवाल्याला केस वाटून झाली की ती चालवण्यालायक आहे का ते परत बघायला कुणाला वेळ आहे? पगारी वकील असेल तर तो पहिल्याच दिवशी सांगेल की बाबा तुझ्या दाव्यात काही नाही, घरी जा. त्याला केस वाढवून मिळणार काही नाही.

आणि दोन एकरवाल्याचं म्हणाल तर तुमचंही उत्पन्न तीन लाखाच्या आत असेल तर तुम्हीही अर्ज करा की. दावा टाकणाऱ्यालाच मिळतो असं नाही, ज्याच्यावर दावा पडलाय त्यालाही मिळतो.

शंकेखोर_नाना

हे मला माहीत नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही. बघू.

अंगणवाडी_ताई

मी पीएलव्ही म्हणून काम केलंय, पॅरा लीगल व्हॉलंटिअर. वकील नाही, पण गावातल्या बाईला हाताला धरून कोर्टापर्यंत नेणारी. मला वाटतं सगळे वकिलापासून सुरुवात करताय, अडचण त्याच्या आधी आहे. बाई म्हणते, केस टाकली तर भाऊ बोलायचा बंद होईल, माहेर तुटेल. हक्कसोडपत्रावर सही करताना तिला सांगतात ताई नुसती सही कर, तुझं माहेरपण कुठं जातंय. २००५ ला हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क, सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये सांगितलं की २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. हे सगळं मी बैठकीत सांगते, बायका ऐकतात, मान हलवतात आणि मग एक जण विचारते, पण मग रक्षाबंधनाला कुठं जायचं? याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण निदान सहीच्या आधी तिला अर्धा तास कुणीतरी समजावणारं हवं. दावा नंतर. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात हक्कसोडपत्राच्या दिवशी एक विधी सेवेचं टेबल लावा, सही करणाऱ्या प्रत्येक बहिणीला भाऊ बाहेर ठेवून एकटीला पाच मिनिटं विचारा, कळलं का तुम्ही काय सोडताय. माझ्या मते यानं जितके दावे वाचतील तितके कुठल्याच शिबिरानं वाचणार नाहीत.

ॲड_बिनकोटाचा

ताई, हे टेबल म्हणजे एक नंबर कल्पना. मी स्वतः बसेन.

दुसरी एक गोष्ट लिहून ठेवतो. महाराष्ट्र सरकारची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे, त्यात पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतीत महिलांना कोर्ट फी माफ आहे. ही विधी सेवेच्या मदतीपासून वेगळी, म्हणजे खाजगी वकील लावला असला तरी लागू. कुठला वाद 'मालमत्तेचा' यात बसतो यावर समोरचा वकील खळखळ करू शकतो, म्हणून दाव्याबरोबर अधिसूचनेची प्रत जोडा आणि फीच्या परिच्छेदात तारखेसकट उल्लेख करा. मी बायकांना हजारो रुपयांचे स्टॅम्प लावताना बघितलंय कारण दावा लिहिणाऱ्यानं हे सांगितलंच नाही. पुरुष असेल आणि खरंच पैसे नसतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३३ आहे, निर्धन म्हणून दावा दाखल करायची परवानगी मागता येते. पण त्यात आधी निर्धनपणाची चौकशी, तिलाच महिनोन्महिने. त्यापेक्षा कलम १२ मध्ये बसत असाल तर विधी सेवेकडनं जा, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, नकला, भाषांतर सगळं त्यात येतं.

पेडण्याची_पोर

गोव्यातून लिहिते. इथे वेगळंच चित्र आहे. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, आणि मृत्युपत्र केलं तरी वारसांचा निम्मा वाटा कुणी काढून घेऊ शकत नाही. कागदावर बायकांची बाजू तुमच्यापेक्षा पक्की. पण वाटणीसाठी इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटपाची कोर्टातली कारवाई, करावी लागते, आता ती २०१२ च्या कायद्याखाली चालते. अर्धे वारस मुंबईत, लंडनला, लिस्बनला. सगळ्यांना नोटिसा. आणि एकमत झालं नाही तर वारसांमध्येच मालमत्तेवर बोली लागते. ज्याच्याकडे पैसे त्याने घर घ्यायचं, बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम. ज्या बहिणीनं शेवटपर्यंत आईला सांभाळलं आणि त्याच घरात राहिली ती बोलीत कशी टिकणार? मोफत वकील तिला मिळेल हो, १९८७ चा कायदा इथेही तोच. पण बोली लावायला पैसे वकील देत नाही. कायद्याची मदत म्हणजे फक्त वकील नव्हे हे मला या एका गोष्टीवरून पटलं.

कोरा_कागद

वाचतोय. चांगला धागा. लोकअदालतीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? वर्षातून चार राष्ट्रीय लोकअदालती होतात, फी नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते, एका दिवसात निकाल. गरिबांसाठी हाच सोपा मार्ग नाही का?

अंगणवाडी_ताई

सोपा आहे, कुणासाठी ते बघायला हवं. बँकेची थकबाकी, वीजबिल, अपघाताची भरपाई याला चांगलं. पण नवरा-बायको, भाऊ-बहीण यांच्यात एक बाजू दमलेली असते. एकीला बघितलं, वकील म्हणतोय घे मिटवून, सासरा म्हणतोय घे, समोरच्या टेबलवरची पॅनेलची माणसं चांगल्या भावनेनंच म्हणतायत मिटवून टाका बाई किती वर्षं येणार. ती सही करते. आणि त्या निवाड्यावर अपील नाही, कलम २१, तो दिवाणी हुकूमनाम्यासारखाच. फसवून घेतला असं म्हणायचं असेल तर हायकोर्टात रिट करावी लागते. म्हणजे तालुक्याला यायला एसटीचे पैसे नसलेल्या बाईनं मुंबई, नागपूर, औरंगाबाद नाहीतर कोल्हापूर गाठायचं.

कोरा_कागद

हे मान्य. पण मग दुसरा पर्याय दहा वर्षांचा दावा?

ओढ्याकाठी

दोन्ही नको. मिटवायला माझी ना नाही. पण मिटवताना तिच्या बाजूला बसलेला माणूस तिचा असावा. आज पॅनेल वकिलाचा वेळ वाचतो केस मिटली की, कोर्टाचा आकडा वाढतो, आम्ही एवढ्या केसेस निकाली काढल्या म्हणून बातमी येते. तिच्या हिश्श्याचं काय झालं याची बातमी येत नाही.

सातपुडा_मास्तर

नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. इथे तर तुम्ही म्हणता त्या खिडकीपर्यंत यायचीच मारामार. धडगावच्या वरच्या पाड्यातल्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे दिवस मोडला, मजुरी गेली, मुक्काम करावा लागला तर आणखी. आणि भाषा. पावरी, भिली बोलणारी माणसं, मराठी कशीबशी, आणि कोर्टाची मराठी तर मलाही येत नाही. "उपरोक्त दावा मिळकतीच्या चतुःसीमा" असं कुणी तोंडावर फेकलं की माणूस हो हो म्हणतो. वनहक्काचा दावा फेटाळला गेला तर अपील करता येतं हे सुद्धा पत्रात मराठीत लिहिलेलं असतं, वाचून दाखवायला कुणी नसतं, आणि साठ दिवस निघून जातात. आमच्या इथं टेलि-लॉ म्हणून सीएससी सेंटरवरनं (सरकारी ऑनलाइन सेवा केंद्र) व्हिडिओवर वकिलाशी बोलायची सोय आहे, २०१७ पासूनची योजना. वाईट नाही. पण रेंज गेली की वकील गेला. शिवाय तो सल्ला देतो, कोर्टात उभा राहत नाही.

पूर्णवेळ ऑफिस करायचं तर त्यात बोलीभाषा येणारा एक तरी माणूस पाहिजे, शक्यतो त्याच पाड्यातला शिकलेला पोरगा किंवा पोरगी. पगार देऊन. मानधन नको, मानधन म्हणजे कधी येईल ते देवाला माहीत.

डोंबिवली_फास्ट_लोकल

शहरात काही वेगळं नाही. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींचं पोटगीचं प्रकरण होतं. ऑर्डर झाली, नवरा एक पैसा देत नाही. मोफत वकील म्हणाले माझं काम ऑर्डरपर्यंत होतं, वसुलीसाठी नवीन अर्ज करा. परत तोच फॉर्म, तेच फोटो, तीच खिडकी. जिंकल्यावर पण जिंकली नाही ती.

ॲड_बिनकोटाचा

अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, ही दिवाणी कामातली खरी परीक्षा. वाटपाच्या दाव्यात तर निकाल लागला तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही, संहितेच्या कलम ५४ खाली कागद कलेक्टरकडे जातात, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेख, मोजणी, मग हरकती, मग ताबा. इतक्या टप्प्यांत एकच वकील टिकत नाही आणि प्रत्येक टप्प्याला नवी नेमणूक. माझं तर म्हणणं नेमणूकपत्रातच लिहा, 'ताबा अगर वसुली होईपर्यंत'. एका ओळीचा बदल आहे, पूर्णवेळ ऑफिस येईल तेव्हा येईल, हे उद्यापासून करता येईल.

पोटगीबद्दल: २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. मावशींची ऑर्डर कुठल्या तारखेपासून आहे ते बघा. निकालाच्या तारखेपासून असेल तर थकबाकीचा मोठा आकडा हातचा जातोय.

डोंबिवली_फास्ट_लोकल

निकालाच्या तारखेपासून आहे. दोन वर्षांचा फरक पडेल. कुणी सांगितलंच नाही!!! आभार, उद्याच मावशींना घेऊन जाते.

झेरॉक्सवाला

एक माझ्याकडून. कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, २००४ पासून माफ आहे. साधा कागद चालतो. तरी लोक पाचशेचा स्टॅम्प घेऊन येतात आणि मी सांगितलं की माझ्यावरच संशय घेतात, म्हणतात असूदे असूदे, रिजेक्ट झालं तर. एवढ्या पैशात किती दिवसांचा भाजीपाला येतो. मोफत वकिलाच्या अर्जालाही बऱ्याच जणांना हाच खर्च पडतो, म्हणजे मोफत मिळवायला पाचशे.

शंकेखोर_नाना

बरं एक विचारतो. पॅनेलवाला वकील वरून पैसे मागतो त्याचं काय? मागतात, मला माहीत आहे.

ॲड_बिनकोटाचा

मागायचे नाहीत, नियमात स्पष्ट बंदी आहे. कुणी मागितले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या, ते न्यायाधीशच असतात. वकील बदलून पण मागता येतो. आणि अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे सात दिवसांत निर्णय व्हायला हवा, नाकारला तर वर अपील आहे. पण पोच नसेल तर सात दिवस कधीपासून मोजणार?

पक्षकारांना अजून एक सांगतो, केसचा सीएनआर नंबर वकिलाकडून मागून घ्या, सोळा अक्षरं-आकड्यांचा असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. वकिलाला फोन लावत बसायची निम्मी गरज संपते. आम्हालाही बरं.

ओढ्याकाठी

हे माझ्या बहिणीच्या मुलाला करून दिलं, नववीत आहे, आता तोच आईला सांगतो मागच्या तारखेला समोरच्यानी मुदत मागितली म्हणून. तिला पहिल्यांदा राग आला त्यांचा, इतके दिवस नुसती भीती होती. एकच खटकतं. ॲपवर सगळं इंग्रजीत दिसतं, 'स्टेप्स', 'हिअरिंग', 'अनरेडी'. पोरगा नसता तर?

नवीन_आयडी_४४

नमस्कार. इथे नेहमी वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. बाबांवर काकांनी दावा टाकलाय, घराच्या जागेचा. समन्स येऊन दीड महिना झाला, बाबा म्हणाले आपलं काही चुकलेलं नाही मग कशाला जायचं. काल कळलं तारीख होऊन गेली. बाबा हमाली करतात, उत्पन्न तीन लाखाच्या बरंच खाली आहे. आता मोफत वकील मिळेल का की उशीर झाला? प्लीज कुणीतरी सांगा.

ॲड_बिनकोटाचा

उशीर झालाय, पण हातचं गेलेलं नाही. नीट वाचा.

पहिलं, ॲपवर नाहीतर कोर्टात जाऊन रोजनामा बघा काय हुकूम झालाय. एकतर्फी (एक्स पार्टी) चालवायचा हुकूम झाला असेल किंवा विना कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर न घेता, दोन्ही रद्द करून घेता येतात, पुढच्या तारखेच्या आत अर्ज द्या आणि का आला नाहीत ते खरं खरं लिहा. कैफियत द्यायची मुदत समन्सपासून तीस दिवस, कोर्ट ती नव्वदपर्यंत वाढवून देऊ शकतं, म्हणजे तुम्ही अजून त्या टप्प्यात आहात. हुकूमनामाच झाला असेल तर तो रद्द करायच्या अर्जाला तीस दिवस, मग अजिबात थांबू नका.

दुसरं, वकिलाच्या नेमणुकीची वाट बघत घरी बसू नका. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, नाही सापडलं तर कुठल्याही शिपायाला विचारा किंवा १५१०० ला फोन करा. अर्जावर मोठ्या अक्षरात लिहा 'दाव्यात तारीख अमुक, तातडीचे'. आणि त्या तारखेला बाबांना स्वतः उभं करा. त्यांनी एवढंच म्हणायचं: साहेब, विधी सेवेकडे वकील मागितलाय, अर्जाची पोच ही, मुदत द्या.

अंगणवाडी_ताई

आणि बाबांना सांग बाळा की गेलं नाही म्हणजे चूक नाही असं कोर्ट समजत नाही. गेलं नाही म्हणजे काका म्हणतात तेच खरं धरून चालतं. घराची घरपट्टी कुणाच्या नावाने भरता? पावत्या शोधून ठेव. लाईट बिल पण.

नवीन_आयडी_४४

घरपट्टी आजोबांच्या नावाने आहे अजून, पण गेली कित्येक वर्षं भरतात बाबाच, पावत्या आईच्या ट्रंकेत आहेत. ॲपवर बघितलं, 'एक्स पार्टी' असं दिसतंय आणि पुढची तारीख या महिन्याच्या २१ ला. उत्पन्नाचा दाखला नाहीये काढलेला.

झेरॉक्सवाला

दाखल्यासाठी अडू नको. साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र कर, माझं वार्षिक उत्पन्न इतकं, तीन लाखाच्या आत. आधार, रेशन कार्ड, समन्सची प्रत, आणि त्या ॲपच्या पानाचा प्रिंट. दोन दोन प्रती काढ, एकीवर शिक्का मारून घे.

नवीन_आयडी_४४

बाबांनी सोमवारी खाडा करायचं कबूल केलंय. सकाळी दहाच्या आत पोचतो. खिडकीवर परत दाखला मागितला तर काय म्हणू?

ओढ्याकाठी

कलम १३ म्हण, पोटकलम २. ऐकलं नाही तर सचिवांचं दालन कुठंय ते विचार. आणि तिथनंच इथं लिही.